रॅम आठ जीबी केली, तरी कॉम्प्युटर निजलेलाच. आता काय?

सातबारावाली (दारव्हा तालुका, यवतमाळ), सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. दीड-दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, आज नाइलाजाने पहिला धागा काढते.

गावात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, आठ-अ, फार्मर आयडी, पॅन कार्ड, पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. २०१३ साली अकोल्याहून असेंबल करून आणलेला. आय-३ प्रोसेसर (सेकंड जनरेशन लिहिलं आहे), ५०० जीबीची हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम. विंडोज ७ होतं, त्यावरच पुढे फुकटात १० झालं.

वर्षभरापासून हा प्रकार सुरू आहे. सकाळी बटण दाबून मी चहा टाकते. चहा होतो, पिऊन होतो, कप विसळून होतो, तरी पडद्यावर गोल फिरतच असतो. परवा एक आजोबा सातबाऱ्यासाठी आले. पान उघडेपर्यंत त्यांनी तंबाखू मळली, खाल्ली, बाहेर जाऊन थुंकून आले आणि मला विचारतात, "बाई, तुही मशीन निजली काय वं?"

तालुक्याच्या ठिकाणच्या मेकॅनिकने वर्षात तीनदा फॉर्मेट मारलं. दर वेळी ५०० रुपये, दर वेळी पंधरा दिवस बरं, मग पहिले पाढे पंचावन्न. चौथ्या वेळी म्हणाला रॅम कमी पडते. ४ जीबीची आणखी एक पट्टी लावली, ११०० घेतले. फरक शून्य. आता म्हणतो बोर्ड थकला, नवीन घ्या, २८ हजार लागतील.

कापूस अजून घरात पडला आहे, भाव पाहून काढू म्हणून बाबा थांबलेत. २८ हजार आत्ता कुठून आणू? खरंच नवीन घ्यावा लागेल का?

वऱ्हाडी_ठेचा (दर्यापूर), सोमवार, रात्री १०.०५

ताई, डोकं दुखलं का टक्कल करून देनारा न्हावी भेटला तुमाले. तीन खेप टक्कल झालं, आता म्हनते डोकंच नवीन आना!

२८ हजार देऊ नका. आमच्या इथले जानकार येऊन राह्यले, दम धरा.

पेन्शनर_मास्तर (सेलू, वर्धा), सोमवार, रात्री १०.४०

ताई, माझ्याही लॅपटॉपवर 'मेमरी लो' असा संदेश येत होता. मी नातवंडांचे लग्नातले व्हिडिओ सगळे पेन ड्राइव्हवर हलवले, रिसायकल बिन रिकामी केली. सी ड्राइव्हवर ६० जीबी मोकळी झाली. तुम्हीही करून पाहा. मात्र प्रामाणिकपणे सांगतो, संदेश अजून येतोच. कदाचित आणखी व्हिडिओ काढावे लागतील.

स्क्रू_ड्रायव्हर (अकोला), मंगळवार, सकाळी ७.१५

मास्तर, व्हिडिओ परत आणा. त्यांचा काही गुन्हा नाही.

दुकानात रोज चार जण येतात आणि म्हणतात 'मेमरी फुल झाली'. मी पहिलं हेच विचारतो, कोणती? हार्ड डिस्कलाही मेमरी म्हणतात, रॅमलाही. मोबाइलवाल्यांनी तर पार गोंधळ करून ठेवला आहे.

बाजार समितीचं यार्ड डोळ्यापुढे आणा. मागे गोदाम आहे, पुढे लिलावाचा ओटा. माल गोदामात कितीही मावू द्या, बोली लागते ती ओट्यावर. हार्ड डिस्क म्हणजे गोदाम, रॅम म्हणजे ओटा. ओट्यावर चारच ढीग मावतात आणि पाचवा आला, तर हमाल आधीचा एक ढीग पाठीवर घेऊन गोदामात नेतो, पाचवा मांडतो, मग पहिल्याची पुन्हा हाक आली की परत उलटी फेरी. सौदा थांबत नाही, पण दिवसभर नुसती हमाली चालते. विंडोज नेमकं हेच करतं. रॅम भरली की तिच्यातला माल हार्ड डिस्कवरच्या पेजफाइल नावाच्या फाइलमध्ये नेऊन टाकतं. मास्तरांनी गोदाम रिकामं केलं, अडचण ओट्यावर होती.

गोदाम काठोकाठ भरलं तरी त्रास होतोच, पेजफाइललाही जागा लागते. पण ६० जीबी मोकळी म्हणजे तिथे काही अडलेलं नाही.

आणि ही हमाली इतकी जड का जाते? हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई तिच्यावर पुढेमागे जाते. एका फेरीला दहाएक मिलिसेकंद. सेकंदाला शंभर-सव्वाशे फेऱ्या झाल्या म्हणजे तिने फार कमावलं. रॅमला तेच काम एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास जमतं.

सातबारावाली ताई, पैसे खर्च करण्याआधी एक करा. केंद्र भर गर्दीत असेल, सगळं उघडं असेल, तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी चौकट आली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. वर सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (म्हणजे इथे रॅम) आणि डिस्क यांचे टक्के दिसतील, ते लिहा. मग 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा आणि तिथे खाली जे जे लिहिलं आहे ते इथे उतरवा. सगळं. एकही ओळ सोडू नका.

सातबारावाली, मंगळवार, दुपारी १.२०

स्क्रू_ड्रायव्हर दादा, दुपारी गर्दी होती तेव्हा वहीत लिहून घेतलं.

सीपीयू १८ टक्के. मेमरी ९१ टक्के. डिस्क १०० टक्के, आणि ती शंभरावरून हलतच नाही. खाली: वापरात २.९ जीबी, स्पीड १३३३, स्लॉट्स यूज्ड २ ऑफ २, हार्डवेअर रिझर्व्ड ४.८ जीबी.

आणि एक गंमत. सीपीयूच्या पानावर 'अप टाइम' ११ दिवस दाखवतो. मी तर रोज संध्याकाळी बंद करून घरी जाते!

बिट_बाय_बिट (मूळ हिंगणघाट, सध्या पुणे), मंगळवार, दुपारी १.४५

थांबा थांबा. हार्डवेअर रिझर्व्ड ४.८??

ताई, 'धिस पीसी'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथे 'सिस्टम टाइप' समोर काय लिहिलं आहे?

सातबारावाली, मंगळवार, दुपारी २.१०

३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४ बेस्ड प्रोसेसर. वर रॅमपुढे लिहिलं आहे: ८.०० जीबी (३.२० जीबी वापरण्याजोगी).

बिट_बाय_बिट, मंगळवार, दुपारी २.३०

सापडलं. तुमचा बोर्ड ठणठणीत आहे.

३२-बिट विंडोजकडे रॅममधले पत्ते लिहायला ३२ खाने असतात, प्रत्येकात शून्य किंवा एक. म्हणजे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते, बरोबर ४ जीबी. पाचव्या जीबीतलं घर त्याच्या लेखी गावातच नाही. त्या ४ जीबीतलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि बोर्डावरची इतर उपकरणं अडवतात, म्हणून तुमच्या हाती ३.२ उरले. मेकॅनिकने लावलेली पट्टी स्लॉटमध्ये बसली आहे, दिसते आहे, वीजही खाते आहे, पण कामाला अजिबात नाही. आठातून ३.२ गेले, राहिले ४.८. तोच तुमचा 'हार्डवेअर रिझर्व्ड'.

प्रोसेसर ६४-बिटचा आहे, तसं तिथेच लिहिलं आहे. फक्त विंडोज ३२-बिटचं टाकलं गेलं.

हेच कधी कधी दुसऱ्या कारणानेही होतं. एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजचंच एक सेटिंगचं साधन) बूटच्या प्रगत पर्यायांत 'मॅक्सिमम मेमरी'वर कोणीतरी खूण करून ठेवलेली असते, किंवा पट्टी नीट बसलेली नसते. तुमच्याकडे तसं दिसत नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगून ठेवतो.

अप टाइमचं म्हणाल तर ते तुमच्या हातून नाही झालं. विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' सुरू असलं की शट डाउन करताना गाभा झोपवून डिस्कवर ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवतात. खरी नवी सुरुवात हवी असेल तर शट डाउन नाही, रीस्टार्ट करायचं. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

वऱ्हाडी_ठेचा, मंगळवार, दुपारी २.४१

म्हंजे दोन एकर वावर घेतलं, सातबाऱ्यावर चढवलंच नाई! सातबारावालीचीच मशीन, अन् तिलेच हे व्हावं, बापा!

सातबारावाली, मंगळवार, दुपारी ३.००

ठेचाभाऊ, हसू आलं आणि रागही आला. अकराशे रुपये. आणि त्याने पट्टी लावून मला त्याच पानावर '८.०० जीबी' असा आकडा बोट ठेवून दाखवला होता. कंसातलं मी वाचलं नाही, त्याने वाचून दाखवलं नाही.

स्क्रू_ड्रायव्हर, मंगळवार, रात्री ९.१०

धंद्यातला माणूस म्हणून त्याच्या बाजूचं थोडं बोलतो, मग तुम्ही काय बोलायचं ते बोला. दहा-बारा वर्षांपूर्वी दोन जीबीच्या मशीन यायच्या. त्यावर ३२-बिट टाकणं शहाणपणाचं होतं, कारण ६४-बिट स्वतःच जास्त रॅम खातं. तेव्हा बनवलेला पेन ड्राइव्ह आमच्यापैकी बरेच जण अजून खिशात घेऊन फिरतात आणि समोर कुठलीही मशीन आली तरी तोच खुपसतात. लबाडी असेलच असं नाही. पण ८ जीबी लावल्यावर उजवीकडचा कंस न वाचणं याला माझ्याकडेही माफी नाही.

आता आधी फुकटातली कामं. ६४-बिट करायला पूर्ण नवं इन्स्टॉल लागेल, ३२ वरून ६४ वर थेट उडी मारता येत नाही. तोवर केंद्र चालू राहिलं पाहिजे.

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप'चं पान आहे. मशीन सुरू होताना कोण कोण आपणहून उठतं त्याची यादी. बोटांच्या ठशाच्या मशीनची सेवा आणि अँटिव्हायरस सोडून बाकीचे डिसेबल करा. अँटिव्हायरस किती आहेत ते मोजा. मला संशय आहे दोन निघतील. दोन राखणदार एकाच वाड्यात ठेवले की ते चोराऐवजी एकमेकांचीच झडती घेत बसतात. एक काढा, आणि कंट्रोल पॅनलमधून नीट अनइन्स्टॉल करा, नुसतं फोल्डर उडवू नका.

क्रोममध्ये किती टॅब उघडे असतात?

सातबारावाली, मंगळवार, रात्री ९.४०

अँटिव्हायरस दोनच निघाले! एक विकत घेतलेला, दुसरा कुठल्यातरी पीडीएफच्या सॉफ्टवेअरसोबत आपणहून आलेला.

टॅब मोजले. लाज वाटते सांगायला, २३. प्रत्येक पोर्टल एकदा लॉगिन झालं की पुन्हा ओटीपीची कटकट नको म्हणून बंदच करत नाही.

बिट_बाय_बिट, मंगळवार, रात्री ९.५५

क्रोम जवळपास प्रत्येक साइटसाठी वेगळी प्रक्रिया उघडतं. एक पडली तर बाकीच्या उभ्या राहाव्यात म्हणून. चांगला विचार आहे, पण भाडं रॅममधून जातं. क्रोम उघडं असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा छोटा टास्क मॅनेजर आहे, कोणता टॅब किती खातो ते तिथे दिसतं. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली 'मेमरी सेव्हर' सुरू करा, न वापरलेले टॅब तो झोपवतो. अर्धवट भरलेला फॉर्म मात्र झोपू देऊ नका, ती साइट अपवादांच्या यादीत टाका. आणि सिस्टमखाली क्रोम बंद केल्यावरही मागे चालू राहण्याचा जो पर्याय आहे, तो बंद करा.

धानवाला (आमगाव, गोंदिया), बुधवार, सकाळी ६.३०

सगळे विंडोजमध्येच का अडकलेत? विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टम टाका, मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती नाहीतर लुबुंटू. २ जीबीच्या डब्यावर माझी मुलगी दहावीचा अभ्यास करते, मराठी टायपिंगही करते. परवाना नको, अँटिव्हायरस नको. शिवाय विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहेत, ते कोणी बोलतच नाही.

स्क्रू_ड्रायव्हर, बुधवार, सकाळी ७.४०

धानवाला भाऊ, मुलीच्या अभ्यासाला उत्तम, मीही तेच टाकून देतो. पण ताईंचं पोट डिजिटल सहीच्या टोकनवर आणि अंगठ्याच्या मशीनवर आहे. त्या मशीनचं सॉफ्टवेअर, पोर्टलांची सहीची साधनं, सगळं विंडोज धरून बनलेलं. केंद्राच्या मशीनवर प्रयोग नको.

अपडेटचा मुद्दा मात्र खरा, आणि बरं झालं काढला. विंडोज ११ या मशीनवर नियमाने बसत नाही, त्याला इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. पण विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करता येते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज अपडेटच्या पानावर पर्याय दिसतो, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. म्हणजे ताई, हा डबा कायमचा नाही. पण २८ हजार आज काढायचे की कापूस विकल्यावर निवांत काढायचे, एवढी मुदत नक्की मिळते.

धानवाला, बुधवार, सकाळी ७.५२

सहीच्या टोकनचं मान्य. बाकी माझं मत तेच.

पेन्शनर_मास्तर, बुधवार, सकाळी १०.३०

ओटा आणि गोदाम छान समजलं. चाळीस वर्षं फळा-खडू केला, असा दाखला सुचला नसता. माझी एक शंका. भाच्याने माझ्या लॅपटॉपवर 'रॅम बूस्टर' नावाचं काहीतरी टाकून दिलं आहे. बटण दाबलं की आकडा ८० वरून ४० वर येतो. याने फायदा होतो का? आणि पेन ड्राइव्ह लावून रॅम वाढवता येते असंही तो म्हणतो.

बिट_बाय_बिट, बुधवार, सकाळी ११.००

मास्तर, काढून टाका. तो बूस्टर ओट्यावरचे ढीग जबरदस्तीने गोदामात ढकलतो. ओटा रिकामा दिसतो, पण दोन मिनिटांनी तुम्हाला तोच माल हवा असतो आणि हमाल पुन्हा धावतो. आकडा खाली येतो, काम आणखी मंदावतं. वापरात असलेली रॅम ही वाया गेलेली रॅम नव्हे. अडचण तेव्हाच, जेव्हा ती पुरत नाही.

पेन ड्राइव्हची युक्ती म्हणजे रेडीबूस्ट, २००७ च्या विंडोज विस्टापासूनची. ती रॅम वाढवत नाही, हार्ड डिस्कचा थोडा भार उचलते. आज तिच्यावर वेळ घालवू नका.

तुमच्या लॅपटॉपवर किती रॅम आहे ते आधी पाहा. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, डेस्कटॉपची लांब, एकमेकीत चालत नाहीत. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या, त्यांची खाच वेगळ्या जागी असते, म्हणजे चुकीची पट्टी बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नका.

वऱ्हाडी_ठेचा, बुधवार, दुपारी १२.१५

जोर लावनाऱ्याले मी ओयखतो. माह्या साळ्यानं लावला होता. स्लॉट फुटला, मंग म्हने पट्टी डुप्लिकेट होती.

अजून एक सांगतो, ऑनलाइन लय सस्त्या डीडीआर३ पट्ट्या दिसतात, बारीक अक्षरात लिवलं रायते 'फक्त एएमडी बोर्डासाठी'. इंटेलवर लावली तं मशीन तोंड उघडत नाई. मी घेतली, वापस पाठवली, पंधरा दिवस गेले. ताईची तं चालून राह्यली, तिले काई होत नाई, पन घेनाऱ्यानं वाचा.

सातबारावाली, बुधवार, रात्री १०.२०

आजचा हिशेब. एक अँटिव्हायरस काढला, स्टार्टअपमधले अकरा बंद केले, क्रोममध्ये सातच टॅब ठेवले, रीस्टार्ट केलं. भर गर्दीत मेमरी ६८ टक्के! पण डिस्क अजून मधूनमधून शंभरला जाते. आणि मशीनचा आवाज? पिठाच्या गिरणीसारखा. तो आधीपासूनच आहे, सवय झाली म्हणून लिहिला नव्हता.

स्क्रू_ड्रायव्हर, बुधवार, रात्री १०.४५

आवाज आधी सांगायला हवा होता ताई. कापूस घरात आहे म्हणालात, केंद्र त्याच घरात आहे का?

सातबारावाली, बुधवार, रात्री १०.५०

हो, पुढच्या खोलीत केंद्र, मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस. मधे पडदा आहे.

स्क्रू_ड्रायव्हर, बुधवार, रात्री १०.५८

उद्या डबा उघडा. स्विच बंद, वायर भिंतीतून काढा, पाच मिनिटं थांबा. हात एकदा कॅबिनेटच्या पत्र्याला लावा. डावीकडचा पत्रा मागचे दोन स्क्रू काढले की सरकतो. प्रोसेसरवरच्या पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रशने साफ करा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी येतं.

उघडण्याआधी एकदा सुरू करून डिलीट दाबत राहा, विंडोजच्या आधी बायोस नावाचं सेटिंगचं पान उघडेल, तिथलं सीपीयूचं तापमान लिहून घ्या.

सातबारावाली, गुरुवार, रात्री ८.१५

बायोसमध्ये तापमान ८८. काहीही न चालवता!

मग पत्रा काढला. पंखा काढल्यावर खाली जे दिसलं त्याचा फोटो टाकायची हिंमत होत नाही. ॲल्युमिनियमच्या खापांवर रुईची घट्ट गादी बसली होती, रुपयाच्या नाण्याएवढी जाड, वरून धुळीने करडी, आणि उचलली तर खालून पांढरीशुभ्र. एका तुकड्यात निघाली, अगदी पंख्याच्या आकाराची गोल, मधे भोक. आई म्हणाली, टाकू नको, वाती होतील. मी टाकली.

रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून सोनेरी दातांवर खोडरबर हलका फिरवला (हे इथेच जुन्या एका धाग्यात वाचलं होतं) आणि टिक आवाज होईपर्यंत परत बसवल्या. प्रोसेसरवरचा जुना थर्मल पेस्ट (उष्णता वर खापांकडे नेणारा) खडूसारखा सुकला होता, तो पुसला. नवा तालुक्यातून ६० रुपयांत आणला होता, मुगाच्या दाण्याएवढा लावला.

आता बायोसमध्ये ५१.

बिट_बाय_बिट, गुरुवार, रात्री ८.३०

८८ ते ५१! तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणजे तुमची मशीन तीन ठिकाणी अडली होती, ३२-बिट विंडोज, संथ हार्ड डिस्क आणि हा ताप, आणि तीनदा झालेल्या फॉर्मेटने यातल्या एकालाही हात लागला नव्हता. पंधरा दिवस बरं वाटायचं ते एवढ्याचसाठी, की नव्या विंडोजमध्ये दुसरा अँटिव्हायरस आणि २३ टॅब जमायला तेवढेच दिवस लागायचे.

आता ६४-बिट कराच. आणि करायचंच आहे तर जुन्या हार्ड डिस्कवर करू नका. २४०-२५६ जीबीची सॅटा एसएसडी घ्या, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी, जुन्याच सॅटा वायरीला जोडायची डिस्क. तुमचा बोर्ड बहुधा एच६१, त्यावर सॅटाचा वेग जुना आहे, ३ गिगाबिटचा, तरीही काही बिघडत नाही. एसएसडीत सुई नाही, फेरी नाही. कधी ओटा भरलाच तर गोदामात जाणं-येणं पळत होईल. इन्स्टॉल करताना जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, म्हणजे कोणाच्याही हातून चुकून पुसली जाणार नाही. झाल्यावर दुसरी डिस्क म्हणून परत जोडा, सगळा जुना माल जागच्या जागी असेल.

विंडोजची आवृत्ती तीच निवडा, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. या बोर्डावर १० आधीच रीतसर सक्रिय झालेलं असेल तर ३२ चं ६४ केलं तरी तोच परवाना चालतो. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर घ्या. कोणी 'ॲक्टिव्हेटर' म्हणून फाइल देऊ केली तर घेऊ नका, गावाचे आधार आणि अंगठे तुमच्या मशीनमधून जातात.

स्क्रू_ड्रायव्हर, गुरुवार, रात्री ९.०५

आणि इन्स्टॉलच्या आधी प्रिंटर आणि अंगठ्याच्या मशीनचे ६४-बिटचे ड्रायव्हर डाउनलोड करून ठेवा, ३२ चे चालणार नाहीत. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९०० असेल तर त्याचा ६४-बिट मिळतो. मराठी फॉन्ट विसरू नका! कृतिदेवमध्ये टाइप केलेले जुने अर्ज असतील तर तो फॉन्ट नसताना सगळी कीडामुंगी दिसते आणि माणूस घाबरून जातो, की फाइल बिघडली. बिघडलेली नसते.

डेस्कटॉपवर लोकांच्या आधारच्या स्कॅन कॉप्या किती पडल्या आहेत? त्याने रॅम भरत नाही, पण काम झालं की पुसत जा. तुमच्याच भल्याचं सांगतो.

सातबारावाली, गुरुवार, रात्री ९.२०

दादा, पुसते. खूप आहेत.

वऱ्हाडी_ठेचा, शुक्रवार, सकाळी ८.००

ताई, कापूस काय भावानं मांगून राह्यले तिकडे? धागा मशीनचा हाय हे मालूम हाय, पन इचारलं.

सातबारावाली, शुक्रवार, सकाळी ८.३०

भाऊ, खेडा खरेदीवाले दारात येऊन ओलावा आहे म्हणतात आणि भाव पाडतात. बाबा ऐकत नाहीत. त्याचा वेगळा धागा काढा, मी येते.

सातबारावाली, पुढचा मंगळवार, रात्री १०.०५

झालं सगळं. उशीर झाला कारण दोन दिवस लाइनच नव्हती, आणि यूपीएसची बॅटरी एका मिनिटात जीव सोडते म्हणून अर्ध्यात इन्स्टॉल थांबायची भीती होती. शेवटी रविवारी यवतमाळला मावशीकडे डबाच घेऊन गेले. एसटीत मांडीवर.

एसएसडी दोन हजारांच्या थोडी वर पडली. विंडोज ६४-बिट, परवाना आपोआप लागला. प्रिंटर पहिल्या झटक्यात, अंगठ्याची मशीन दुसऱ्या. कृतिदेवची फाइल आधी काढून ठेवली होती.

आजचे आकडे, भर गर्दीत, १४ टॅब: मेमरी ८ पैकी ४.६ जीबी, ५८ टक्के. डिस्क ३ टक्के. हार्डवेअर रिझर्व्ड आता मेगाबाइटमध्ये दाखवतो. बटण दाबल्यापासून काम सुरू व्हायला २६ सेकंद, मोबाइलवर मोजले. चहा आता नंतर टाकते.

कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलं आणि मधल्या दाराला पडद्याऐवजी जुनं दार बसवलं. मेकॅनिकला फोन केला होता. भांडले नाही. कंस वाचत जा म्हटलं. तो म्हणाला, ताई, तो ६४-बिटचा पेन ड्राइव्ह मलाही कॉपी करून द्या.

सकाळी बाबा खोलीत डोकावले. पंख्याचा आवाज येईना, तर मला म्हणतात, "काहून वं, बंद पडली काय मशीन?"